तारीख गाठायची की तपासणी पुरी करायची?

*पुण्यातल्या एका सीआरओमध्ये, म्हणजे औषध कंपन्यांसाठी क्लिनिकल ट्रायलचं काम सांभाळणाऱ्या संस्थेत, डेटा मॅनेजमेंटची टीम लीड असलेल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. मधुमेहावरच्या एका गोळीची तिसऱ्या टप्प्यातली ट्रायल, चौदा रुग्णालयं, प्रत्येक रुग्णाचा चोवीस आठवडे पाठपुरावा. रुग्णांची माहिती ज्यात भरली जाते ती ईडीसी प्रणाली यंदा कंपनीनं बदलली आहे आणि नव्या प्रणालीवरचा हा पहिलाच अभ्यास. एरवी बांधणीला दहा आठवडे मिळतात, या वेळी सहा मिळाले, त्यातले तीन उरले आहेत. माहिती चुकीची भरली तर लगेच अडवणारे ४१२ एडिट चेक आहेत, त्यातले १७० तपासून झालेत. वरिष्ठ म्हणतात, "आधी गो-लाइव्ह करू (प्रणाली रुग्णालयांसाठी खुली करू), राहिलेलं मिड-स्टडी अपडेटमध्ये (ट्रायल चालू असताना करायच्या बदलांत) घेऊ. यूएटीचे (वापरण्याआधीच्या चाचणीचे) कागद नंतर भर, तारीख फक्त आधीची टाक." ती लिहिते, "दर्जा धरून बसले तर मी काम अडवणारी ठरते. वेग धरला तर रात्री झोप लागत नाही. रुग्ण थांबलेत हेही खरं आहे. मी नेमकं काय सोडू?"*

प्रिय मैत्रीण,

आधी त्या तारखेचं बोलून घेते, कारण त्यात तोलण्यासारखं काही नाही. मागची तारीख टाकायची नाही. आपल्या कामात नोंद ज्या वेळी घडली त्याच वेळची असावी लागते, हे तुम्हाला पहिल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असणार. आणि भीतीचंच म्हणाल तर, तुम्ही कागदावर बारा तारीख लिहाल आणि प्रणालीचा ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक कृतीची आपोआप होणारी नोंद, सांगेल की तो चेक एकोणीसला पहिल्यांदा चालवला गेला. अमेरिकेचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ चा आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीवर विश्वास ठेवायचा तर कोणी, काय, कधी केलं हे पुसता येता कामा नये, ही त्याची मूळ मागणी. इन्स्पेक्टर सगळ्यात आधी तिथंच बघतो.

पण माझा मुद्दा भीतीचा नाही. तुमच्या वरिष्ठांना बहुधा माहीत नसावं की या खोट्या तारखेची गरजच नाही. आयसीएच या औषधनियमनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची क्लिनिकल ट्रायलसाठीची ई-सिक्स मार्गदर्शिका जानेवारी २०२५ मध्ये नव्या रूपात, आर-थ्री म्हणून, आली. प्रणालीची तपासणी किती खोलवर करायची हे त्या माहितीच्या महत्त्वावरून आणि धोक्यावरून ठरवा, असं ती सांगते. काही मुद्दे सुटायचे राहिले असतील तर त्यांचं समर्थन द्या आणि त्यातून येणाऱ्या धोक्याची काय व्यवस्था केली ते सांगा, असंही म्हणते. म्हणजे "१७० तपासले, अमुक इतके राहिले, राहिले ते का चालतील आणि तोवरची सोय काय" असा खऱ्या तारखेचा, सहीनिशी केलेला कागद नियमात बसतो. मागच्या तारखेचा कागद बसत नाही. या एका वाक्यानं तुमच्या बैठकीतली अर्धी हवा बदलेल असं मला वाटतं.

आता तुमचा प्रश्न, नेमकं काय सोडू. मला त्यात एक गृहीत दिसतं, ते आधी सोडवून बघू. तुम्ही वेग आणि दर्जा तराजूच्या दोन पारड्यांत ठेवलेत. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. मी या कामाला लागले तेव्हा रुग्णाची माहिती भरायचे केस रिपोर्ट फॉर्म तीन रंगांच्या कार्बनलेस कागदावर असायचे. पांढरा, पिवळा, गुलाबी. ते कुरिअरनं यायचे, मग दोन माणसं तोच फॉर्म वेगवेगळा टाइप करायची आणि तिसरं माणूस फरक जुळवायचं. फार सावकाश चालायचं सगळं. म्हणून ते अचूक होतं का? टायपिंगच्या चुका सापडायच्या, हे खरं. पण रुग्णाला भलताच डोस गेलाय हे आमच्या टेबलावर सहा आठवड्यांनी कळायचं. तेव्हा रुग्णाच्या दृष्टीनं ती सगळी काटेकोर मेहनत वाया गेलेली असायची. वेळेवर मिळणं हाही दर्जाच आहे. तुमच्या वरिष्ठांची घाई पूर्णपणे चुकीची नाही, हे मनात असू द्या. बोलताना आवाज मऊ राहतो.

दुसरं गृहीत मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्ही ४१२ हा एक आकडा धरून चालला आहात. १७० झाले, २४२ राहिले, म्हणजे काम अर्ध्याहून कमी झालं. पण ते चेक सारख्या वजनाचे नाहीत.

एक उदाहरण घेऊ. तुमच्या ट्रायलमध्ये मूत्रपिंडाचं काम बरं असलेलेच रुग्ण घ्यायचे असणार. मधुमेहाच्या औषधांत हे बहुधा असतंच. ते रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेल्या ईजीएफआरवर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात याच्या अंदाजावर, ठरतं. आपल्याकडच्या बहुतेक लॅब क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात. समजा फॉर्म परदेशी साच्यावरून घेतलाय आणि तो मायक्रोमोल प्रति लिटर धरून बसलाय. रिपोर्टवर १.९ आहे. रुग्णालयात ट्रायलचं काम बघणारी को-ऑर्डिनेटर १.९ भरते. खरं तर तिथं ८८.४ नं गुणून साधारण १६८ यायला हवं होतं. आता ईजीएफआर आपोआप काढणाऱ्या फॉर्म्युल्याला वाटतं की या माणसाची मूत्रपिंडं अशक्य वाटावीत इतकी उत्तम आहेत. पात्रतेची खूण हिरवी होते आणि मूत्रपिंड दुखावलेला माणूस ट्रायलमध्ये येतो. हे अडवणारा एक साधा रेंज चेक असतो. तो तुमच्या १७० मध्ये आहे का?

उलट, 'इतर औषधे' या पानावर औषधाची शेवटची तारीख रिकामी असेल तर 'चालू आहे' ही खूण हवी, असाही एक चेक असेल. तो तीन आठवड्यांनी चालू झाला तर कोणाचं काही बिघडत नाही. यादीत मात्र दोघांना एकेकच ओळ आहे.

तर यादी घ्या आणि एका संध्याकाळी ट्रायलच्या डॉक्टर आणि स्टॅटिस्टिशियन यांच्यासोबत बसा. एकट्या बसू नका. हा निर्णय एकट्या डेटा मॅनेजरचा नाही, आणि तुम्ही तो एकट्यानं खांद्यावर घेतलाय म्हणूनच झोप उडाली आहे. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे पहिल्या दिवशी चुकलं तर मागाहून निस्तरता येईल का? संमतीपत्राची तारीख, पात्रता, रँडमायझेशन (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं), डोस, गंभीर दुष्परिणाम आणि चोवीसाव्या आठवड्याचं एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), म्हणजे ज्यावर सगळा निकाल उभा आहे ते, यांना स्पर्श करणाऱ्या ओळी लाल करा. लाल ओळ तपासल्याशिवाय गो-लाइव्ह नाही. एवढ्या एका जागी तुम्ही ताठ उभ्या राहा. बाकीच्या ओळींबाबत खूप लवचीक राहता येतं.

लाल यादीत एक गोष्ट हमखास सुटते, म्हणून वेगळी सांगते. ठरल्या दिवशी न येणाऱ्या घटनांचे फॉर्म. बाराव्या आठवड्याची भेट बाराव्या आठवड्यातच येणार. पण साखर एकदम उतरणं, रुग्णालयात भरती होणं, रुग्णानं ट्रायल सोडणं, हे दुसऱ्या दिवशीही होऊ शकतं. आपल्या २०१९ च्या नव्या औषधांच्या आणि क्लिनिकल ट्रायलच्या नियमांप्रमाणे गंभीर घटना घडली की तपासनीस डॉक्टरांनी ती चोवीस तासांत कळवायची असते. प्रणाली नवी आहे हे कारण तिथं चालत नाही. हा फॉर्म पहिल्या दिवशी चालायला हवा, आणि तो बंद पडला तर कागदी फॉर्म कुठं ठेवलाय, कोणत्या मेलवर पाठवायचा, हे प्रत्येक रुग्णालयाला पाठ असायला हवं.

आता तारखेकडं वळू. त्या दिवशी नक्की काय व्हायचं आहे, हे कोणी नीट विचारलंय का? कंपनीची तारीख बहुतेक वेळा पहिला रुग्ण दाखल होण्याची असते. चौदा रुग्णालयं एकाच सकाळी उघडली पाहिजेत असं ती म्हणत नसते. मग दोन रुग्णालयं उघडा. जिथली को-ऑर्डिनेटर अनुभवी आहे आणि फोन उचलते अशी दोन. पहिले तीन-चार रुग्ण तिथं घ्या आणि त्यांचं प्रत्येक पान अठ्ठेचाळीस तासांत तुमच्या टीमनं डोळ्यांनी वाचा. तारीख गाठली जाते, आणि चूक असलीच तर ती चार रुग्णांत सापडते. चाळीस रुग्णांत सापडण्याची वाट बघायला नको.

तसंच चोवीसाव्या आठवड्याची पानं पहिल्या रुग्णाला साडेपाच महिन्यांच्या आत लागणार नाहीत. ती टप्प्यानं आणता येतात, पुष्कळ ठिकाणी आणतातही. पण तुमच्या बाबतीत एक मोठी मेख आहे. नव्या प्रणालीवर तुमच्या कंपनीनं मिड-स्टडी अपडेट एकदाही केलेला नाही. रुग्ण आत असताना नवी पानं जोडली की जुन्या रुग्णांच्या नोंदींचं काय होतं, सही केलेल्या पानांची सही उडते का, नवे चेक जुन्या माहितीवर मागे जाऊन चालतात का, हे कोणालाच ठाऊक नाही. 'राहिलेलं नंतर घेऊ' या वाक्याचा सगळा भार या एका न पाहिलेल्या गोष्टीवर आहे. टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये पाच खोटे रुग्ण भरा आणि एक अपडेट करून बघा. दोन दिवस जातील. उरलेल्या तीन आठवड्यांत यापेक्षा चांगले खर्च झालेले दोन दिवस मला सुचत नाहीत.

आणि अपडेट सुरळीत झाला तरी त्याचा हिशेब दुसऱ्या टोकाला जाऊन बघा. साठ रुग्ण झाल्यावर तुम्ही शंभर नवे चेक सोडता. त्याच रात्री मागच्या सगळ्या माहितीवर क्वेरी उगवतात. सकाळी एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात एकच को-ऑर्डिनेटर संगणक उघडते आणि समोर दोनशे प्रश्न. ओपीडी सुरू आहे, बाहेर रुग्ण बसलेत. ती ते प्रश्न बंद करण्यापुरती उत्तरं देते. तिला मी दोष देत नाही. आपण वाचवलेले तीन आठवडे आपण तिच्या पाठीवर टाकलेले असतात.

या बायकांबद्दल मला थोडं जास्त बोलावंसं वाटतं. एका ट्रायलमध्ये आम्ही बांधलेल्या फॉर्ममध्ये आजार सुरू झाल्याची पूर्ण तारीख सक्तीची होती. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही भरल्याशिवाय पान पुढं जायचं नाही. आम्हाला ते फार काटेकोर वाटलं होतं. आमच्या टीमनं तो चेक तपासला, तो पास झाला, कागद नीट लागले. काही महिन्यांनी माहिती चाळताना एका रुग्णालयाच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांचा आजार पंधरा तारखेला सुरू झालेला दिसला. मी तिथं गेले. को-ऑर्डिनेटरनं शांतपणे केसपेपर समोर ठेवला. त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं, 'गणपतीत सुरू झालं'. ती म्हणाली, "मॅडम, आजोबा एवढंच सांगतात. तुमचं मशीन दिवस मागतं. मग मी मधला टाकते." गणपती २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आले, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्या एका शब्दात महिनासुद्धा पक्का नसतो. आजोबा खरं बोलले होते, डॉक्टरांनी खरं लिहिलं होतं. खोटं आमच्या फॉर्मनं घडवलं, आणि ते शंभर टक्के तपासलेल्या चेकनं घडवलं. दिवस माहीत नसल्याची एक खूण ठेवली असती तर भागलं असतं.

म्हणून सगळे चेक तपासले म्हणजे दर्जा, हे मी आता मानत नाही. उरलेल्या वेळात एका को-ऑर्डिनेटरला बोलवा. नाव-पत्ता झाकलेला एक खराखुरा, चुरगळलेला केसपेपर तिच्या हातात द्या आणि तिला फॉर्म भरू द्या. तुम्ही फक्त बाजूला बसा, मदत करू नका. ती कुठं थांबते, कुठं फोनवरचं कॅल्क्युलेटर काढते, कुठं कागदाच्या मागं काहीतरी लिहून ठेवते, ते टिपा. दोन तासांत जे दिसेल ते ज्यानं बांधलं त्यानंच तपासलेल्या शंभर स्क्रिप्टमध्ये दिसत नाही.

वेग कुठून येतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मी टीमला नेहमी सांगते, ते ब्रिटनमधल्या रिकव्हरी ट्रायलचं. मार्च २०२० मध्ये, कोविड शिरत असताना, ऑक्सफर्डच्या गटानं नियोजनाचा मसुदा तयार केल्यापासून नऊ दिवसांत पहिला रुग्ण घेतला. १६ जूनला त्यांनी जाहीर केलं की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होतात. मग त्यांनी काय सोडलं होतं? रँडमायझेशन सोडलं नाही, मृत्यूची नोंद सोडली नाही. प्रश्न सोडले. फॉर्म अगदी थोडक्यात ठेवला, रुग्ण अठ्ठावीस दिवसांत वारला का, घरी गेला का, व्हेंटिलेटर लागला का, असं मोजकंच विचारलं, आणि बाकीचं सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदींतून घेतलं.

त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्टही आठवा. २२ मे २०२० ला 'द लॅन्सेट'मध्ये ६७१ रुग्णालयं आणि ९६ हजारांवर रुग्णांच्या माहितीवरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनबद्दल एक लेख आला. माहिती सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीची होती. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या ट्रायलमधली त्या औषधाची शाखा थांबवलीसुद्धा. ४ जूनला लेख मागं घेतला गेला, कारण मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळेचना. दोन्हीकडं घाई होती. एका ठिकाणी प्रत्येक आकड्यामागं एक ओळखीचं रुग्णालय उभं होतं, दुसऱ्या ठिकाणी आकड्यामागं काय आहे ते कोणाला बघताच आलं नाही.

तुमच्या हाती प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा ठरलेला आराखडा, बदलणं नाही, हे मला कळतं. पण फॉर्म अजून गोठलेला नसेल तर स्टॅटिस्टिशियनला पानागणिक विचारा, "हे फील्ड कोणत्या टेबलमध्ये जाणार?" उत्तर येत नसेल, आणि प्रोटोकॉलही ते मागत नसेल, तर ते मागच्या ट्रायलच्या साच्यातून आपोआप आलेलं आहे. ते काढलं की त्याच्यामागचे दोन-चार चेक, त्यांची तपासणी आणि चौदा ठिकाणचं भरणं, सगळंच वाचतं. रिकव्हरीचा हा एवढा धडा पुण्यात बसूनही गिरवता येतो.

रुग्ण थांबलेत, हे तुमचं वाक्य मला लागलं. ते खरं आहे. पण जे रुग्ण आत येतील तेही डोळ्यांसमोर असू द्या. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणून कोणी पहाटेच्या एसटीनं निघालेलं असतं. चौथ्या आठवड्याचा तो नमुना पुन्हा मिळत नाही. नोंद बिघडली तर त्या माणसानं दिलेलं काहीच उरत नाही, आणि हे त्याला कधी कळतही नाही. बैठकीत हे बोला. भावनिक वाटेल म्हणून गिळू नका.

वरिष्ठांपुढं जाताना मात्र नकार घेऊन जाऊ नका, तारखा घेऊन जा. या तारखेला दोन रुग्णालयं आणि सगळ्या लाल ओळी. त्यानंतर दोन आठवड्यांनी उरलेली बारा. अमुक तारखेला दुसरा टप्पा, आणि ती तारीख पहिल्या रुग्णाच्या त्या भेटीआधी किमान महिनाभर. न तपासलेल्या ओळींसाठी तोवर कोण हातानं यादी बघणार त्याचं नाव. खाली तुमची, डॉक्टरांची, स्टॅटिस्टिशियनची आणि त्यांची स्वतःची सही. सही मागितली की पुष्कळदा घाई आपोआप शहाणी होते, हा माझा अनुभव आहे. ते वाईट माणूस आहेत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांच्यावरही कोणीतरी बसलेलं असणार.

हे सगळं करूनही मागच्या तारखेचा आग्रह सुटला नाही, तर सही करू नका आणि क्यूए, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, विभागाला लेखी कळवा, ऑफिसच्याच मेलवरून, थोडक्यात, कोणावर आरोप न करता. अप्रेझलवर परिणाम होईल का? होऊ शकतो. तसं होणारच नाही, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण तुमची सही असलेला कागद दहा वर्षांनीही काढला जाऊ शकतो, आणि तेव्हा शेजारी कोणी उभं नसतं.

बैठक शुक्रवारी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी बुधवारी त्या को-ऑर्डिनेटरला बोलवाच. आणि तिच्या केसपेपरवर 'गणपतीत' असं लिहिलेलं असेल, तर तुमचा फॉर्म ते कसं घेतो, ते मला जरूर कळवा.